मापाची गोळी : थ्रीडी छपाईचे औषध आणि आपली सिकलसेलची लेकरे



मागच्या महिन्यात एका बस्तीत आरोग्याची बैठक झाली. कार्यक्रम संपल्यावर एक माउली आमच्याजवळ थांबली. तिच्या पाच वर्षांच्या मुलाला सिकलसेल आहे. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध सुरू केले आहे. ती म्हणाली, “दादा, कॅप्सूल पाचशेची आहे. माह्या लेकराले एवढी लागत नाही म्हणतात. मी कॅप्सूल उघडते, अंदाजानं अर्धी पूड काढते अन् साखरेत देते. हे बरोबर आहे का?” तिच्या शेजारी उभ्या असलेल्या अकरावीतल्या मुलीने लगेच विचारले, “मोबाइलवर पाहिलं, आता म्हणे गोळ्या प्रिंटरवर छापतात. ज्याला जेवढी पाहिजे तेवढी. ते खरं आहे का?”

दोघींचे प्रश्न वेगळे वाटले तरी एकच आहेत. औषध माणसाच्या मापाचे असावे की माणसाने औषधाच्या मापात बसावे? या वेळचे आरोग्याचे पान आम्ही याच प्रश्नाला दिले आहे.

जीवकाने काय केले?

औषध माणूस पाहून द्यावे हा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जीवकाची हकीकत दिली आहे. राजगृहात उकिरड्यावर टाकून दिलेले हे बालक पुढे तक्षशिलेला शिकून मोठा वैद्य झाले. विनयपिटकात त्याच्याविषयी एक प्रसंग येतो. तथागतांची प्रकृती बिघडली होती आणि रेचक देण्याची गरज होती. जीवकाने आधी काही दिवस अंगाला तेल लावायला सांगितले. मग त्याने विचार केला की सगळ्यांना देतो तसे कडक रेचक या शरीराला योग्य नाही. म्हणून त्याने कमळांच्या तीन ओंजळी औषधाने भारल्या आणि एकेक करून हुंगायला दिल्या. प्रत्येकीने किती वेळा पोट साफ होईल हेही त्याने आधी मोजले होते.

आजच्या भाषेत याला व्यक्तिगत औषधोपचार म्हणतात. रोगी कोण, त्याचे वय, वजन आणि ताकद किती, हे पाहून औषधाचे रूप आणि मात्रा ठरवायची. पुढे कारखाने आले. एकाच मापाच्या लाखो गोळ्या निघू लागल्या, त्यामुळे औषध स्वस्त झाले आणि गोरगरिबांपर्यंत पोहोचले. ही फार मोठी गोष्ट झाली. पण कारखान्याची गोळी बहुधा मोठ्या माणसाच्या मापाने बनते. लहान मूल, अशक्त म्हातारी, मूत्रपिंड कमजोर असलेला रुग्ण यांना तिच्यातच जुळवून घ्यावे लागते.

सिकलसेलमध्ये नेमके काय होते?

रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते. ते कसे बनवायचे याची सूचना आपल्याला आई आणि वडील दोघांकडून मिळते. त्या सूचनेत एका ठिकाणी छोटासा बदल झाला की वेगळे हिमोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन कमी पडला की अशा पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे असह्य वेदना होतात. यालाच आपल्याकडे रुग्ण ‘क्रायसिस’ म्हणतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

एकाच पालकाकडून बदललेली सूचना आली तर मूल ‘ए.एस.’ म्हणजे वाहक होते. त्याला सहसा त्रास नसतो. दोन्हीकडून आली तर मूल ‘एस.एस.’ म्हणजे रुग्ण होते.

नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. तेव्हापासून विदर्भातले आदिवासी बांधव आणि आपला समाज यांत हा आजार जास्त आढळतो हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पण याचा अर्थ आपल्या रक्तात काही कमीपणा आहे असा कोणी काढू नये. जिथे मलेरियाने माणसे मरत, तिथे वाहक असलेली मुले जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचत. त्यामुळे हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आहे. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. पोटजातीतच आणि नात्यागोत्यातच लग्ने होत गेली, त्यामुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढली. जातीच्या आतच लग्न करण्याची सक्ती हाच जातिव्यवस्थेचा गाभा आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. त्या सक्तीचे ओझे आपली लेकरे हाडांच्या दुखण्यातूनही वाहत आहेत.

पाचशेची कॅप्सूल आणि चौदा किलोचे लेकरू

हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने शरीरात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. ते असले की पेशी सहज वाकड्या होत नाहीत. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके या औषधाने जवळपास निम्म्याने कमी झाले. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना दर किलो वजनाला रोज १० मिलिग्रॅम अशी कमी मात्रा देऊन पाहिली. झटके आणि रक्त चढवण्याची वेळ दोन्ही कमी झाले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्या मुलांना किती मात्रा पुरते, हा प्रश्न विदर्भातच विचारला गेला आणि त्याचे उत्तरही इथेच शोधले गेले.

आता हिशेब पाहा. मूल १४ किलोचे आहे. दर किलोला १० मिलिग्रॅम धरले तर रोज १४० मिलिग्रॅम लागतात. डॉक्टरांनी २० ठरवले तर २८० लागतात. हाती मात्र बहुतेक ठिकाणी ५०० ची कॅप्सूल येते. अंदाजाने अर्धी केली तर कधी २०० जाईल, कधी ३००. कमी गेले तर गुण येत नाही. जास्त गेले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, आणि साध्या तापाचेही मोठे दुखणे होऊ शकते. शिवाय मूल वाढते. वर्षभरात ते १७ किलोचे झाले की मापही बदलते.

आणखी एक धोका आहे. हे औषध पेशींची वाढ रोखणारे आहे आणि काही प्रकारच्या कर्करोगातही वापरले जाते. त्याची पूड उडून नाकातोंडात जाणे किंवा हाताला लागणे चांगले नाही. गरोदर बाईने तर ती हाताळूच नये. म्हणून त्या माउलीला आमचे पहिले उत्तर होते, “ताई, आपल्या अंदाजानं कॅप्सूल उघडू नका. डॉक्टरले विचारल्याशिवाय काहीच करू नका.” चूक तिची नव्हती. लेकराच्या मापाचे औषध तिच्या हातात कोणी दिलेच नव्हते.

गोळी छापतात म्हणजे काय करतात?

छपाई म्हटले की कागद आणि शाई डोळ्यांपुढे येते. थ्रीडी छपाईत कागद नसतो. पदार्थाचा एक पातळ थर टाकायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर चढवत वस्तू उभी करायची. कोणता थर कुठे आणि किती टाकायचा ते संगणक सांगतो. बाया उन्हाळ्यात कुरडया करतात तेव्हा सोऱ्यातून चीक पडतो आणि गोल फेऱ्यांनी कुरडई तयार होते. मेंदीच्या कोनातून नक्षी निघते. मशीन हेच करते, फक्त हात संगणकाचा असतो आणि माप केसाएवढेही चुकू नये अशी व्यवस्था असते.

औषधासाठी याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिलीत औषधाची पूड पातळ पसरतात, त्यावर चिकटवणाऱ्या द्रवाचे थेंब सोडतात, मग पुन्हा पूड आणि पुन्हा थेंब. दुसरीत औषध मिसळलेली प्लास्टिकसारखी तार गरम करून वितळवतात आणि तिचे थर टाकतात. उष्णतेने बिघडणाऱ्या औषधांना ही तऱ्हा चालत नाही. तिसरीत औषधाचा घट्ट लगदा सिरिंजमध्ये भरून सोऱ्यासारखा दाबतात. ही तऱ्हा रुग्णालयाला सोयीची आहे. उष्णता फारशी लागत नाही आणि चघळायच्या गोळ्याही करता येतात.

यात मात्रा बदलणे सोपे असते. १४० मिलिग्रॅमची गोळी हवी तर संगणकात १४० टाकायचे. पुढच्या तपासणीत वजन वाढले तर १६० टाकायचे. लगदा तोच राहतो, फक्त गोळी थोडी मोठी होते. कॅप्सूल उघडायला नको आणि पूडही उडत नाही.

जगात हे कुठवर आले आहे?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये छापलेल्या पहिल्या गोळीला परवानगी दिली. तिचे नाव ‘स्प्रिटम’. ती फिट येणाऱ्या रुग्णांसाठी लेव्हेटिरासिटाम या औषधाची आहे. पूड आणि थेंबांच्या पद्धतीने बनल्यामुळे ती आतून जाळीदार असते आणि घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते. गोळी गिळता न येणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. पण ही गोळी कारखान्यातच आणि ठरावीक मापांतच बनते. छापलेली आहे म्हणून ती प्रत्येकाच्या मापाची आहे असे नाही. हा फरक लक्षात ठेवावा.

खरे मापाचे औषध स्पेनमधल्या सॅन्टियागो दे कॉम्पोस्टेला या शहरातल्या रुग्णालयात दिले गेले. तिथे एका दुर्मीळ जन्मजात आजाराच्या चार मुलांना आयसोल्यूसिन हा घटक रोज मोजून द्यावा लागत होता. रुग्णालयातच लगदा पद्धतीने चघळायच्या गोळ्या छापल्या. चवी आणि रंगही वेगवेगळे ठेवले. सहा महिन्यांच्या या अभ्यासात रक्तातले प्रमाण हव्या त्या मर्यादेत राहिले. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. चार मुले म्हणजे फार थोडी. पण आपल्या १४ किलोच्या लेकराची अडचण आणि त्या मुलांची अडचण सारखीच आहे, म्हणून ही बातमी आपल्या कामाची.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ साली रक्तदाब आणि हृदयासाठीची पाच औषधे एकाच गोळीत वेगवेगळ्या कप्प्यांत छापून दाखवली. सकाळ-संध्याकाळ गोळ्यांच्या पाकिटांत गोंधळणारे आजी-आजोबा आपल्या घरोघरी आहेत, तेव्हा याचा उपयोग सांगायला नको. लंडनमध्ये गोळीवर ब्रेलचे ठिपके उठवून अंध माणसाला बोटाने औषध ओळखता येईल असेही प्रयोग झाले. मात्र हे सगळे प्रयोगशाळेतले काम आहे, दुकानातले नाही.

मग यवतमाळला का नाही?

पहिली अडचण तपासणीची. कारखान्यात लाख गोळ्यांतून काही गोळ्या फोडून तपासतात. रुग्णालयात एका मुलासाठी ३० गोळ्या छापल्या तर फोडायच्या किती आणि द्यायच्या किती? म्हणून गोळी न फोडता वजनाने आणि प्रकाशाने तपासण्याच्या पद्धतींवर काम चालले आहे. दुसरी अडचण जबाबदारीची. गोळी चुकली तर जबाबदार कोण धरायचा: मशीनवाला, लगदा बनवणारा, की रुग्णालयाचा औषधनिर्माता? आपला औषधांचा मूळ कायदा १९४० सालचा आहे आणि तो कारखाना व दुकान समोर ठेवून लिहिलेला आहे. ब्रिटनने २०२५ साली रुग्णाच्या जवळच औषध तयार करण्यासाठी वेगळे नियम लागू केले. तसा विचार आपल्याकडेही करावा लागेल. तिसरी अडचण वेगाची आणि पैशाची. मशीन हळू चालते. एक औषध झाल्यावर दुसऱ्यासाठी ते पूर्ण साफ करावे लागते. वीज आणि शिकलेला माणूस कायम लागतो.

म्हणून स्पष्ट सांगतो. आज आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात छापलेली गोळी मिळत नाही. उद्या कोणी बस्तीत येऊन “प्रिंटरची गोळी आणली, सिकलसेल मुळापासून जातो” असे म्हणाला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. छपाईने औषधाचे माप सुधारते, औषधाचा गुण बदलत नाही. हायड्रॉक्सीयुरिया कोणत्याही रूपात दिले तरी ते आजार आटोक्यात ठेवते, मुळातून काढत नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हीच तथागतांची शिकवण आहे.

छपाईच्या आधीही मार्ग आहेत. युरोपात या औषधाची १०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही मुलांसाठी कमी मात्रेचे किंवा पातळ रूपातले हायड्रॉक्सीयुरिया तयार व्हावे म्हणून औषध कंपन्यांना पुढे येण्याचे आवाहन केले. असे औषध आले की ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचले पाहिजे. ही मागणी आपण ग्रामसभेत, नगरपालिकेत आणि आमदारांकडे करू शकतो. लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. त्या कलमाच्या आधाराने मागितलेली गोष्ट भीक ठरत नाही.

आज घरात काय करायचे?

१. मुलाचे वजन दर तपासणीला करून वहीत लिहा. डॉक्टरांना थेट विचारा, “याच्या वजनाला रोज किती मिलिग्रॅम लागते आणि ते घरी मोजायचे कसे?” काही डॉक्टर एक दिवसाआड कॅप्सूल देतात, काही ठरावीक पाण्यात विरघळवून ठरावीक मिलिलिटर द्यायला सांगतात. रीत त्यांनी सांगितलेलीच पाळायची. शेजारच्या मुलाचे माप आपल्या मुलाला लावू नका.

२. पातळ किंवा कमी मात्रेचे औषध आले आहे का, हे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात विचारत राहा.

३. हे औषध सुरू असताना रक्ताची तपासणी चुकवू नका. गुण आला म्हणून औषध मनाने बंद करू नका. लग्न झालेल्या रुग्णांनी मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

४. औषध देताना पूड हाताळावीच लागली तर हातमोजे घाला, नंतर हात धुवा आणि त्यासाठीचे भांडे वेगळे ठेवा.

५. यवतमाळचा उन्हाळा या रुग्णांना कठीण जातो. शरीरातले पाणी कमी झाले की झटका येतो. शाळेत बाटली न्यायला लावा. गुरुजींना सांगून ठेवा की या मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला जायला अडवू नये. कडक थंडीत आणि पावसात भिजण्यापासूनही जपा.

६. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक पांढरे पडणे, पोटाची डावी बाजू फुगणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा.

७. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. आशाताईंना विचारा आणि मिळालेले कार्ड जपून ठेवा.

८. लग्न जुळवताना पत्रिका पाहणे आपण सोडले. आता रक्ताचे कार्ड पाहायला शिका. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. मग निर्णय माहितीने घ्या. आधीच लग्न झाले असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा. सुनेला दोष देऊ नका, कारण सूचना दोघांकडून येते.

९. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि एसटी प्रवासातल्या सवलतीबद्दल रुग्णालयात आणि आगारात चौकशी करा.

शेवटी त्या दोघींविषयी

ती माउली दुसऱ्या आठवड्यात मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मुलाचे वजन करून मात्रा कागदावर लिहून दिली आणि मोजायला सुई नसलेली सिरिंज दिली. “आता अंदाज नाही करावा लागत,” असे तिने आम्हाला फोनवर सांगितले. एक कागद आणि एक सिरिंज मिळाल्यावर तिच्या लेकराला आज मापाचे औषध मिळते आहे.

त्या अकरावीतल्या मुलीला आम्ही सांगितले की प्रिंटरची गोष्ट खरी आहे, पण अजून आपल्या दारात आलेली नाही. ती आणायची तर औषधनिर्माणशास्त्र शिकलेली माणसे लागतील. बारावी विज्ञाननंतर डी.फार्म. आणि बी.फार्म. या दोन्ही वाटा आहेत. उकिरड्यावर टाकलेले मूल तक्षशिलेला जाऊन वैद्य झाले होते. आपल्या बस्तीतल्या मुलीलाही ती वाट मोकळी आहे. फीचे आणि शिष्यवृत्तीचे कागद कसे करायचे ते विचारायला ती येत्या रविवारी विहारात येणार आहे. तुमच्या घरात असे कोणी असेल तर त्यालाही सोबत पाठवा.

नमो बुद्धाय, जय भीम.